नावा ओढणाऱ्यांची वाट

फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून पायी फिरणाऱ्यांचा एक अलिखित नियम आहे: बाटलीतले पाणी संपले आणि गावात दुकान, खानावळ किंवा माणूस असे काहीच दिसेना, तर गावाची दफनभूमी शोधावी. थडग्यांवरच्या फुलझाडांना पाणी घालण्यासाठी तिथे एक नळ बहुधा असतोच. फिजाक गावातल्या एका निवृत्त शिक्षकांनी हे सांगितले तेव्हा मी हसले होते; पण दुसऱ्याच दिवशी दुपारी, सेले नदीच्या खोऱ्यात, झडपा लावून बसलेल्या पंधरा-वीस घरांच्या एका वस्तीत आम्ही दोघे नवरा-बायको दफनभूमीचे लोखंडी फाटक ढकलून आत शिरलो, 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नळावर नाही याची खात्री करून घेतली आणि बाटल्या भरल्या. जवळच्या एका थडग्यावर चिनी मातीची फुले होती, कारण खऱ्या फुलांना पाणी घालायला बहुधा कोणी उरले नव्हते.

बाहेर पडल्यावर चर्चच्या भिंतीलगत पहिल्या महायुद्धात कामी आलेल्यांच्या स्मरणार्थ उभारलेला दगडी खांब दिसला. असा खांब फ्रान्समधल्या जवळजवळ प्रत्येक गावात असतो. त्या खांबावर मी एकोणीस नावे मोजली आणि त्यांत एकच आडनाव चार वेळा आले होते. आज त्या वस्तीत वर्षभर राहणारी माणसे एकोणीस तरी असतील का, असे मनात आले. पुढचे पाच दिवस ती वाट चालताना हाच प्रश्न माझ्याबरोबर होता.

ही गोष्ट २०१८च्या सप्टेंबरमधली आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तेव्हा तुलूझला राहत होतो आणि तिथून रेल्वेने फिजाकला येऊन, सेलेच्या काठाने तिच्या लॉतशी होणाऱ्या संगमापर्यंत आणि तिथून लॉतच्या काठाने काओर शहरापर्यंत, असे शंभरएक किलोमीटर सहा दिवसांत चालायचे आम्ही ठरवले होते. लॉत ही नदी सेव्हेन डोंगरांत उगम पावते आणि पाचशे किलोमीटरांच्या आतबाहेर वाहून गारोन नदीला मिळते. तिचे जुने ऑक्सितान नाव 'ओल्त' आहे. फ्रेंचमध्ये त्याच्याआधी उपपद लागून 'लोल्त' झाले, पुढे उपपद कुठे संपते आणि नाव कुठे सुरू होते याचा लोकांना विसर पडला आणि 'लॉत' हेच नाव कागदोपत्री चढले. वरच्या अंगाला सँ-कोम-दोल्त नावाचे गाव आहे, त्याच्या शेपटीत नदीचे मूळ नाव अजून शिल्लक आहे.

वाटेची खूण म्हणजे पांढऱ्या पट्ट्याखाली तांबडा पट्टा. झाडाच्या खोडावर, विजेच्या खांबावर, गोठ्याच्या कोपऱ्यावर हे दोन पट्टे दिसले की आपण योग्य वाटेवर आहोत. तेच दोन रंग फुलीच्या आकारात दिसले की हा रस्ता आपला नव्हे. सह्याद्रीत दगडावर काढलेले बाण शोधत, दोन बाणांमधल्या अर्ध्या तासात 'चुकलो की काय' असे म्हणत फिरलेल्या माणसाला ही व्यवस्था चैनीची वाटते, आणि चैनीत माणूस बेसावध होतो. पहिल्याच दिवशी गप्पांच्या नादात आम्ही एक फुली ओलांडून गेलो आणि अक्रोडाच्या बागेच्या टोकाशी, काटेरी तारेपुढे, तासाभराने भानावर आलो.

या खुणांच्या वाटांना फ्रान्समध्ये ग्रांद रांदोने, म्हणजे लांब पल्ल्याच्या पदभ्रमणाच्या वाटा, असे म्हणतात. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर, १९४७ साली, यासाठी एक राष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि तेव्हापासून स्वयंसेवकांनी हे पट्टे रंगवत देशभर जाळे विणले. ल प्वी शहरातून निघून फिजाक, काओरमार्गे स्पेनमधल्या सांतियागोकडे जाणारी ६५ क्रमांकाची वाट त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. ल प्वीचा बिशप गोदेस्काल्क दहाव्या शतकाच्या मध्याला सांतियागोच्या यात्रेला गेला होता, एवढे इतिहासाला ठाऊक आहे; आज आपण ज्या पावलावर पाऊल ठेवतो ती वाट मात्र १९७०च्या दशकात आखली गेली. मधल्या हजार वर्षांत यात्रेकरू जिथे पूल होता, जिथे लांडगा नव्हता आणि जिथे सूप मिळत होते तिथून गेले. हे सांगितले की काही जणांचा हिरमोड होतो; मला तर वाट रंगवणाऱ्या माणसांबद्दल त्यामुळे आदरच वाटू लागला. (मराठी माणसाला इथे वारी आठवणारच. मलाही आठवली, पण पहिल्या तासापुरतीच. वारीत माणूस दिंडीत चालतो. इथे जो तो आपल्या एकटेपणासह चालतो आणि संध्याकाळच्या जेवणालाच बोलता होतो.)

आमची सेलेकाठची वाट या मुख्य वाटेची उपशाखा. तिचा क्रमांक ६५१. मुख्य वाट वरच्या चुनखडीच्या पठारावरून जाते. ही मात्र खाली, नदीच्या वळणांबरोबर कधी काठाला, कधी कड्याच्या माथ्यावर अशी चढत-उतरत राहते. त्या पठाराला तिथे 'कोस' म्हणतात. आमच्या कोसाशी त्याचे काही नाते नाही, तरी उन्हात चालताना दोन्ही अर्थ एकदम पटतात. कोसावर पाणी ठरत नाही. पडलेला पाऊस चुनखडीत जिरतो, जमिनीखालच्या विवरांतून वाहतो आणि थेट खोऱ्यात झऱ्याच्या रूपाने बाहेर येतो. त्यामुळे वर खुरटे ओक, मेंढ्या आणि दगड. खाली मका, तंबाखूची जुनी वाळवणघरे आणि अक्रोड. दोन्हींमध्ये पिवळट-करड्या रंगाचा उभा कडा, आणि त्या कड्याच्या पोटात, जमिनीपासून बऱ्याच उंचावर, भिंत घालून बंद केलेल्या गुहा. त्यांना भोकांसारख्या अरुंद खिडक्याही आहेत. लोक त्यांना 'इंग्रजांचे किल्ले' म्हणतात, कारण शंभर वर्षांच्या युद्धात इंग्रज टोळ्यांनी त्यांचा आसरा घेतला असे सांगतात. वास्तविक यांतल्या पुष्कळशा त्याहून जुन्या आहेत. पडझडीचे खापर परक्यावर फोडण्याची ही सोय सगळ्याच देशांत असावी.

पठारावरच्या दगडांविषयी मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. कोकणात ज्याला आपण गडगा म्हणतो, म्हणजे चुना किंवा माती न घालता नुसता दगडावर दगड बसवून घातलेली बांधणी, तसे गडगे इथे मैलोन्‌मैल आहेत. एका ठिकाणी वाट दोन गडग्यांच्या मधून अर्धा तास चालत होती. दोन्ही बाजूंना कमरेइतकी उंची, माथ्यावर उभे लावलेले चपटे दगड, त्यांच्यावर जाड मखमलीसारखे शेवाळ. मी एक सैल झालेला दगड उचलून पाहिला. खाली गोगलगायीचे रिकामे कवच आणि त्याच्याखाली पुन्हा दगड. हे गडगे कोणी शोभेसाठी घातले नाहीत. शेत करायचे तर आधी जमिनीतला दगड वेचावा लागे, आणि वेचलेला दगड कुठेतरी ठेवावा लागे. त्याची भिंत झाली, मेंढपाळाला पावसात बसायला गोल छपराची झोपडी झाली. त्या झोपडीला तिथे काझेल म्हणतात. आज गडग्यांच्या आत शेत नाही, ओकचे जंगल आहे. जंगलात भिंत कशाला, असा प्रश्न पडला की त्या माळरानाची गोष्ट उलगडायला लागते.

गोष्ट थोडक्यात अशी, की हा लॉत जिल्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जवळजवळ तीन लाख लोकांचा होता आणि आज तो पावणेदोन लाखांच्या आसपास आहे. १८७० आणि ८०च्या दशकांत फिलॉक्सेरा नावाच्या, मुळे खाणाऱ्या मावासारख्या किडीने द्राक्षमळे संपवले. माणसे शहरांकडे गेली. उरलेल्या तरुणांपैकी पुष्कळांची नावे १९१८नंतर चर्चपाशी दगडावर आली. आपण ज्यांना जपून ठेवलेली खेडी म्हणतो, ती बव्हंशी कोणी जपली नव्हती. नवे घर बांधायला पैसा नव्हता आणि जुने पाडायला माणूस नव्हता, म्हणून ती राहिली.

एस्पान्याकमधला लाकूड-विटांचा ठेंगणा घंटामनोरा आणि त्याच्या पायथ्याशी असलेला जोगिणींचा जुना मठ बघताना हे फार जाणवले. त्या मठाच्या इमारतीत आता वाटसरूंच्या मुक्कामाची सोय आहे. पुढच्या मार्सियाक गावातला मठ अर्धा छप्परहीन आहे. एके काळी रोकामादूर हे कड्यावरचे तीर्थस्थान याच मठाच्या ताब्यात होते. याच्या साधूंनी त्या कड्यावरच्या देवळाकडे दुर्लक्ष केले, त्युल इथल्या दुसऱ्या मठाच्या साधूंनी तिथे बस्तान बसवले आणि नंतर, ११६६ साली, तिथे एका संताचा न कुजलेला देह सापडल्याचे जाहीर होताच यात्रेकरूंची रीघ लागली. मग मार्सियाककरांना आपल्या हक्काची आठवण झाली. भांडण बरेच चालले. रोकामादूर गेले ते गेलेच.

तिसऱ्या रात्री आम्ही ज्या घरी उतरलो होतो त्या घरच्या आजी सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. या भागातले जेवण म्हणजे बदक, आणि त्यातही बदकाची चरबी. आम्ही शाकाहारी आहोत हे मी फोनवर तीन वेळा सांगितले होते, तरी धाकधूक होतीच. त्यांनी अक्रोड घातलेले सॅलड, शेळीच्या दुधाचे रुपयाएवढे नव्हे पण पापडीएवढे चीज आणि अंड्याचा पोळा पुढे ठेवला. अंडे नवऱ्याला चालते, मला चालत नाही. मी दोनदा चीज घेतले. जेवणानंतर त्यांनी कपाटातून बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी काढली. तिच्यात केशर होते. "तुमच्याकडे हे होते ना?" त्यांनी विचारले. मी म्हटले, काश्मिरात होते, आमच्या गावाकडे नाही, पण आम्ही ते श्रीखंडात घालतो. केर्सी प्रांतात, म्हणजे याच भागात, मध्ययुगात केशराची शेती आणि व्यापार होता, तो पुढे बुडाला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस काजार्कच्या परिसरात काही शेतकऱ्यांनी तो पुन्हा उभा केला. एका ग्रॅम केशरासाठी दीडशेच्या आसपास फुले लागतात. ऑक्टोबरात ती पहाटे खुडायची आणि त्याच दिवशी त्यांतले तंतू वेचायचे. "बोटे आठवडाभर पिवळी राहतात," आजी म्हणाल्या आणि आपली बोटे दाखवली. सप्टेंबर होता, ती अर्थातच पिवळी नव्हती, पण त्या दाखवत होत्या ते मला दिसले.

चौथ्या दिवशी काब्रेरे गावावरची पेश मेर्ल गुहा पाहिली. १९२२ साली दोन किशोरवयीन मुलांनी अरुंद बोगद्यातून सरपटत जाऊन ती शोधली आणि १९२६पासून ती लोकांना खुली आहे. लास्को या प्रसिद्ध चित्रगुहेप्रमाणे इथे प्रतिकृती दाखवत नाहीत; मूळ भिंतीपुढेच उभे राहायला मिळते, म्हणून रोजच्या प्रेक्षकांची संख्या मर्यादित ठेवतात. ठिपक्यांचे दोन घोडे, एकाचे तोंड डावीकडे, दुसऱ्याचे उजवीकडे, आणि त्यांच्याभोवती भिंतीवर हात टेकवून वरून रंग फुंकल्यामुळे उमटलेले हातांचे रिकामे आकार. वय सुमारे २९ हजार वर्षे. दुसऱ्या दालनात चिखलात उमटून दगडासारखी टणक झालेली, कोण्या लहानग्याची पावले आहेत. घोड्यांपेक्षा मी त्या पावलांपाशी अधिक वेळ रेंगाळले आणि वाटाड्या बाईंनी मला दोनदा हाक मारली.

या गुहेत १९५२ साली घडलेला एक प्रसंग तिथे अजून चवीने सांगतात. अतिवास्तववादाचे प्रणेते कवी आंद्रे ब्रतों गुहा बघायला आले असता, चित्र खरोखर प्राचीन आहे की कोणी अलीकडे रंगवले, याची खात्री करण्यासाठी त्यांनी मॅमथच्या सोंडेच्या रेषेवर अंगठा घासला. रेष पुसट झाली, झटापट झाली, प्रकरण न्यायालयात गेले आणि कवीला दंड झाला. हेच ब्रतों १९५० साली पहिल्यांदा सँ-सिर-लापोपी हे गाव पाहून असे भारले गेले, की त्यांनी तिथे नावाड्यांची जुनी खाणावळ असलेले घर विकत घेतले आणि पुढचे उन्हाळे तिथे काढले. या गावाने आपली अन्यत्र असण्याची इच्छाच संपवली, अशा अर्थाचे त्यांनी लिहून ठेवले आहे.

सँ-सिरला बूझ्येस गावाकडून नदीकाठाने जावे. रस्त्याने मोटारीत बसून जाणाऱ्याला गाव एकदम दिसते आणि तो छायाचित्र काढून मोकळा होतो. काठाने जाणाऱ्याला आधी ते गाव कशामुळे उभे राहिले ते दिसते. बूझ्येसपासून थोडे पुढे कडा थेट पाण्यात उतरतो आणि काठ संपतो. १८४०च्या दशकात तिथे कड्याच्या पोटातच वाट खोदली गेली. एका बाजूला भिंत, डोक्यावर दगडाचे छत, दुसऱ्या बाजूला हिरवे, जवळजवळ स्तब्ध पाणी. छत माझ्या डोक्यापासून हातभर उंच होते. भिंतीवर हात फिरवला तर पहारीचे तिरके घाव एकाशेजारी एक लागतात, सगळे एकाच दिशेला झुकलेले, जणू खोदणाऱ्याच्या उजव्या खांद्याची उंची तिथे मोजून ठेवली आहे. काही ठिकाणी पाणी झिरपून त्या घावांत चुन्याचा पांढरा लेप बसला आहे. पुढे एका जागी डॅनियल मोन्ये या आधुनिक शिल्पकाराने भिंतीत मासे आणि शिंपले कोरले आहेत. लोक तिथेच थांबून छायाचित्रे काढत होते. शिल्प चांगले आहे. मला घाव अधिक आवडले.

ही वाट नावा ओढण्याची. काओरची काळपट तांबडी वाइन आणि वरच्या अंगाच्या देकाझव्हिलचा कोळसा गाबार नावाच्या सपाट बुडाच्या नावांतून प्रवाहाबरोबर बोर्दोकडे जाई. जाताना नदी नेई. परत येताना मात्र नाव काठावरून दोराने ओढावी लागे. परतीच्या नावेत मीठ असे आणि नॉर्वेकडचा लाकडासारखा टणक वाळवलेला मासा असे. तो मासा मऊ पडावा म्हणून नावाडी त्याला दोरीने बांधून नावेमागे पाण्यात सोडत, असे सांगतात. समुद्रापासून इतक्या आत असलेल्या वरच्या खोऱ्यात त्या माशाचा बटाटा-अंडी घातलेला लगदा आजही पारंपरिक पदार्थ म्हणून खातात, एवढे मात्र खरे. बूझ्येसकडून सँ-सिरकडे जाणे म्हणजे प्रवाहाच्या विरुद्ध जाणे, म्हणजे आम्ही ओढणाऱ्यांच्याच दिशेने चाललो होतो. आठ किलोंची पाठपिशवी होती, आणि तिचे पट्टे खांद्याला काचतात अशी तक्रार मी सकाळपासून करत होते. त्या छताखाली मी ती बंद केली.

पुढे १८८०च्या दशकात काओर ते काप्देनाक हा लोहमार्ग खोऱ्यातून गेला आणि नावांचे काम हातचे गेले. १९२६ साली लॉत नदी नौकानयनयोग्य नद्यांच्या सरकारी यादीतून वगळण्यात आली. पुढे लोहमार्गावरची प्रवासी गाडीही बंद झाली. ज्याने नदीला बेकार केले त्याच्याही रुळांत आता झुडपे उगवली आहेत, हे आम्ही एका पुलावरून पाहिले.

सँ-सिर-लापोपी सुंदर आहे हे मान्यच केले पाहिजे. पाण्यापासून शंभरएक मीटर उंच कड्यावर टेकलेली, उतरत्या तपकिरी कौलांची घरे, सर्वांत वर चर्च, मधून इतक्या उभ्या गल्ल्या की गुडघ्यांनी गाव लक्षात राहावे. २०१२ साली दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांनी याला फ्रान्सचे सर्वांत आवडते गाव ठरवले आणि तेव्हापासून दोनेकशे वस्तीच्या या गावात उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. इथे पूर्वी लाकूड कातणारे कारागीर राहत; ते बॉक्सवुडच्या लाकडाचे, वाइनच्या पिंपांना बसवायचे नळ बनवत. पिंपे, नळ, नावा, वाइन हे एकाच साखळीचे दुवे होते आणि साखळी तुटल्यावर गाव पडीक झाले, मग चित्रकार आले, मग कवी, मग आम्ही. कातकाम करणाऱ्याची अशी जुनी कमान असलेली दुकाने अजून आहेत. त्यांत आता आइस्क्रीम आणि दागिने मिळतात. मी नाक मुरडत होते आणि त्याच वेळी रांगेत उभी राहून आइस्क्रीम घेत होते, हेही लिहून ठेवते. त्या आइस्क्रीमवाल्या मुलीने सांगितले, की हिवाळ्यात ती काओरला राहते, कारण नोव्हेंबरनंतर गावात पावही मिळत नाही.

काओरच्या अलीकडे, पाचव्या दिवशी दुपारी, मी एका ओकच्या खोडाला टेकून बुटातला खडा काढत होते, तेवढ्यात मागून "नको, नको!" असा ओरडा ऐकू आला. उशीर झाला होता. खोडावरची खूण ओली होती आणि माझ्या बाहीवर तांबड्या पट्ट्याचा निम्मा भाग आला होता. दोन वयस्क गृहस्थ पिशवीत रंगाचे दोन डबे, तारेचा ब्रश आणि फांद्या छाटायची कात्री घेऊन येत होते. माझी बाही बघून ते आधी ओशाळले आणि मग खो-खो हसले. एकाने ब्रशने खोडावरचे शेवाळ कसे खरवडायचे, मग पांढरा, तो सुकला की तांबडा, आणि पट्टा चालणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरच का हवा, हे मला करून दाखवले. वर्षातून एकदा आपल्या वाट्याचे काही किलोमीटर ते रंगवून येतात, पगार नाही. "रंगवले नाही तर दोन-चार वर्षांत वाट जाते," ते म्हणाले. "झुडपे वाट बघत नाहीत." माझ्या अंगठ्यालाही रंग लागला होता. तो मी खोडावरच पुसायला गेले आणि ते दोघे पुन्हा ओरडले.

काओरचे नाव मध्ययुगात सावकारीशी इतके जोडले गेले होते, की व्याजखोराला सरसकट 'काओरकर' म्हणण्याची पद्धत पडली होती. त्या पैशाच्या दिवसांतला, १३०८ साली सुरू झालेला व्हालाँत्रे पूल अजून नदीवर उभा आहे, तीन चौकोनी बुरुजांचा. दंतकथा अशी, की काम रेंगाळले तेव्हा मुख्य गवंड्याने सैतानाशी करार केला: गवंडी सांगेल ते काम सैतानाने करायचे आणि शेवटी गवंड्याचा आत्मा घ्यायचा. पूल होत आला तेव्हा गवंड्याने शेवटचे काम सांगितले, मजुरांसाठी चाळणीतून पाणी आण. सैतान हरला आणि सूड म्हणून रोज रात्री मधल्या बुरुजाचा एक दगड काढून टाकू लागला. १८७९ साली डागडुजी करताना वास्तुविशारद पॉल गू यांनी त्या जागी दगडाला झोंबणारा छोटा सैतान कोरून बसवला. खालून तो सहज दिसत नाही. कुठे बघायचे ते मला एका शाळकरी मुलाने बोट करून दाखवले.

पुलाच्या पलीकडे चढ लगेच, अगदी उभा, सुरू होतो, आणि पहिल्याच खडकावर पांढऱ्याखाली तांबडा पट्टा आहे. आमची गाडी साडेपाचची होती. पाठपिशव्या कठड्याला टेकवून आम्ही दफनभूमीतल्या नळावर भरलेले उरलेसुरले पाणी प्यायलो आणि चढून जाणाऱ्या दोघी-तिघींच्या पाठी ओकच्या झाडीत दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिलो.